बेंबीच्या खाली, गुडघ्याच्या वर: अंगणवाडीच्या तक्त्यातून गळालेल्या शब्दांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, एकात्मिक बालविकास सेवा योजना
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय: दोन ते सहा वर्षांच्या मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावे शिकवता यावीत म्हणून पालकांना व अंगणवाडी सेविकांना मराठी शब्द पुरवणे.

महोदय / महोदया,

दीड वर्षाच्या बाळाला मांडीवर घेऊन "नाक कुठाय?" विचारायचा खेळ महाराष्ट्रात घरोघरी चालतो. नाक, कान, डोळे, दात, पोट, बेंबी. बेंबीनंतर मोठ्यांचे बोट थेट गुडघ्यावर जाते. अंगणवाडीच्या भिंतीवरचे 'माझे शरीर' हे चित्रही बहुधा तसेच असते: मुलाने चड्डी घातलेली, आणि त्या भागाकडे एकही बाण नाही. ज्या महिन्यांत मूल दिसेल त्या वस्तूचे नाव विचारत असते, त्याच महिन्यांत त्याला कळते की शरीराच्या एका भागाचे नाव विचारायचे नसते.

लहान मुलांचे आरोग्य, भाषा आणि सुरक्षितता या विषयांवर काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. पहिलीत जाण्याआधी प्रत्येक मुलाकडे या अवयवांसाठी परक्या माणसालाही कळेल असा शब्द हवा, आणि तो शब्द कोणता हे शासनाने छापून सांगावे. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यापुढची अडचण आधी भाषेची आहे. या अवयवांचे रोजच्या बोलण्यातले मराठी शब्द शिव्यांमध्ये गेले, पुस्तकातले शब्द संस्कृत राहिले, आणि मधली जागा बोबड्या शब्दांनी भरली. आईला मुलाशी शिवीतला शब्द बोलवत नाही, पुस्तकी शब्द जिभेवर येत नाही. मग ती 'शूशू' म्हणते, 'चिमणी' म्हणते, 'नुन्नी' म्हणते, 'ती जागा' म्हणते. पुष्कळ घरांत तर 'शेम शेम' हेच अवयवाचे नाव होऊन बसले आहे. नाव म्हणूनच लाज शिकवली, तर तिथे दुखले-खुपले तरी मूल सांगणार कसे?

बोबड्या शब्दांमुळे नेमके काय बिघडते ते पाहू. 'शू' हा शब्द एकटाच तीन कामे करतो: लघवी, लघवीची क्रिया आणि तो अवयव. चार वर्षांची मुलगी "शूला दुखतं" म्हणाली, तर लघवी करताना जळजळ होते, बाहेरची कातडी सोलवटली आहे, की कोणी इजा केली आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गावर उपचार वेगळे, कातडीवरच्या पुरळाचे वेगळे, आणि तिसरी शक्यता असेल तर पुढची सगळी वाटच वेगळी. 'चिमणी' तर काही घरांत मुलाच्या अवयवाला म्हणतात, काही घरांत मुलीच्या. "दादाने माझ्या चिमणीला हात लावला" असे मूल पाळणाघरात सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे चिऊताई येते आणि ती पुढच्या कामाला लागते. मूल मात्र सांगून मोकळे झालेले असते. आपण सांगितले आणि काहीच झाले नाही, हा धडा ते घेते आणि पुन्हा सांगायला येत नाही.

'मागे दुखतं' हेही तसेच. पाठ, कंबर, ढुंगण, गुदद्वार, काहीही असू शकते. रात्री गुदद्वाराशी खाज सुटणे हे बारीक जंतांचे ठळक लक्षण आहे, पण मूल नुसते चुळबुळते, रडते, आणि घरचे त्याला झोपेचा हट्ट समजतात. मुलग्यांच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. वृषणाला (अंडकोशातल्या गोळीला) पीळ पडला तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर वृषण गमावण्याची शक्यता झपाट्याने वाढते. हा प्रकार वयात येणाऱ्या मुलग्यांत अधिक दिसतो. तेव्हा शब्द नसलेला, लाजलेला तेरा वर्षांचा मुलगा "पोट दुखतंय" एवढेच सांगतो, आणि ओवा-हिंगात तास निघून जातात. 'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपल्या भाषेत उगाच आलेली नाही. तिसऱ्या वर्षी शिकलेला शब्द तेराव्या वर्षी असा उपयोगी पडतो.

आता कायद्याकडे येतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ मध्ये लैंगिक हल्ल्याची व्याख्या करताना योनी, शिश्न, गुद आणि स्तन या अवयवांची नावे थेट घेतली आहेत. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कलम २६ सांगते की मूल जसे बोलेल तसे नोंदवायचे. म्हणजे कायद्याने मुलाच्या शब्दाला पूर्ण मान दिला आहे. अडचण येते ती मुलाकडे शब्दच नसतो, किंवा असतो तो फक्त त्या घरालाच कळणारा असतो, तेव्हा. मग लिहिणारा आपल्या सोयीने "गुप्तांगास स्पर्श केला" असे लिहितो. पाच वर्षांचे कोणते मूल 'गुप्तांगास' म्हणते? मुलाच्या तोंडी न शोभणारे वाक्य कागदावर आले की पढवल्याचा आरोप करायला वाट मोकळी होते.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्यात होती. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा एक तरी प्रकार अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. हे शब्द मुलींनाच शिकवले की पुरे, असे मानणाऱ्यांनी यातला मुलग्यांचा आकडा पुन्हा वाचावा.

कोणते शब्द शिकवावे, याबद्दल आमचे मत सविस्तर मांडतो.

'शूची जागा' आणि 'शीची जागा' हे दोन शब्दप्रयोग आपल्याकडे आधीच आहेत, आणि ते चांगले आहेत. त्यांत लाज नाही, शिवी नाही, आणि अर्थ पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो: अंगणवाडीच्या ताईला, डॉक्टरला, पोलिसाला, न्यायाधीशाला. पुढची जागा आणि मागची जागा वेगवेगळ्या आहेत, हेही त्यांतून आपोआप कळते. दीड-दोन वर्षांपासून सुरुवात यांनीच करावी. 'जागा' हा शब्द मात्र गाळू नये, नुसत्या 'शू'वर थांबले की वर सांगितलेला गोंधळ पुन्हा सुरू. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जोडीला अवयवाचे नाव द्यावे: मुलग्यासाठी शिश्न आणि अंडकोश, मुलीसाठी योनी, दोघांसाठी गुदद्वार. 'छाती' आणि 'ढुंगण' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, तिथे 'वक्षस्थळ' किंवा 'नितंब' आणायची काहीच गरज नाही.

'शिश्न' की 'लिंग', यावर आमच्यातही बराच खल झाला. 'लिंग' उच्चारायला सोपा आहे आणि पुष्कळ घरांत माहीत आहे. पण मूल देवळात शिवलिंग पाहते, थोड्याच वर्षांत व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकते, आणि शाळेच्या प्रत्येक अर्जावर 'लिंग' या रकान्यात मुलीचीही नोंद होते. एवढे अर्थ असलेला शब्द नाव म्हणून पक्का होत नाही. म्हणून आमचा कौल 'शिश्न'ला. तीन वर्षांचे मूल 'शिस्न' किंवा 'सिस्न' म्हणेल, म्हणू द्यावे. चष्म्याला 'चस्मा' म्हणणाऱ्या मुलाला आपण चष्मा हा शब्द शिकवायचा थांबवत नाही. ज्या घरात 'लिंग' रुळला आहे तिथे तो बदलायचीही गरज नाही.

'योनी' हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने आतल्या मार्गाचा आहे, बाहेरच्या भागाला 'भग' म्हणतात. पण 'भग' आज बोलण्यात उरलेला नाही, आणि चार वर्षांच्या मुलीला हा भेद लागतही नाही. संपूर्ण भागासाठी 'योनी' चालवून घ्यावा. आठव्या-नवव्या वर्षी, पाळीची माहिती देण्याच्या आधी, मूत्रद्वार, योनिमार्ग आणि गुदद्वार अशी तीन वेगवेगळी द्वारे आहेत हे चित्र काढून सांगावे. मोठ्या झालेल्या पुष्कळ मुलींना पहिली दोन वेगळी आहेत हेच माहीत नसते.

'गुप्तांग' हा शब्द मुलांच्या साहित्यातून काढून टाकावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एकीकडे आपण मुलांना सांगतो की अंगाला हात लावण्याबद्दल कोणी गुपित ठेवायला सांगितले तर ते ठेवायचे नाही, आणि दुसरीकडे त्या अवयवालाच 'गुप्त' म्हणतो. 'लज्जास्थान'बद्दल तर वेगळे सांगायला नको. 'खाजगी अवयव' चालेल, पण तो गटाचा शब्द आहे, नाव नव्हे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत 'प्रायव्हेट पार्ट' म्हटले की विषय संपला असे मानतात. डोळ्याला लागले असता मूल "चेहऱ्याला लागलं" एवढेच सांगू लागले तर आपल्याला पुरेल का?

घरातले लाडाचे नाव मुलाकडून हिसकावून घ्यायचे नाही. मूल घरी सोनू असते आणि हजेरीपटावर समर्थ असते, दोन्ही नावे त्याला आपली वाटतात. इथेही तसेच व्हावे. म्हणून सेविकेने पालकांना विचारावे, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" आणि ते लिहून ठेवावे. 'कुल्ला', 'बोचा' असे शब्द एका भागात आजी नातवाशी सहज बोलते, दुसऱ्या भागात तेच शब्द उर्मट वाटतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घरांतले शब्द वेगळे. गोंडी, कोरकू, भिली, कातकरी, वारली बोलणाऱ्या घरांतले आणखी वेगळे. तिथल्या मुलाला आधी त्याच्याच भाषेतला शिवी नसलेला शब्द मिळायला हवा, मराठी शब्द त्यानंतर.

शिकवायला वेगळा तास लागत नाही, उलट वेगळा तास केला की बिघडतेच. आंघोळ, कपडे बदलणे आणि शी-शू या तीन वेळा पुरेशा आहेत. साबण लावताना डोक्यापासून खाली येत प्रत्येक अवयवाचे नाव घ्यावे: मान, छाती, पोट, बेंबी, शिश्न किंवा योनी, मांड्या, गुडघे. या शब्दाशी आवाज खाली जाऊ नये, घाई होऊ नये, हसू येऊ नये. मुलाला शब्दाआधी आवाजातला बदल कळतो. आईला संकोच वाटत असेल तर तिने आधी आठवडाभर मोठ्याने, एकटीने म्हणून पाहावे. याच वेळी स्वच्छताही शिकवावी: मुलीने धुताना-पुसताना पुढून मागे जायचे, कारण उलट केल्यास शीच्या जागेवरचे जंतू लघवीच्या जागेकडे येतात. मुलग्याच्या शिश्नावरची पुढची कातडी लहान वयात चिकटलेली असणे नैसर्गिक आहे. ती ओढून मागे न्यायची नाही, बाहेरून पाण्याने धुणे पुरे. ओढल्याने जखम होते, व्रण राहतो आणि जी अडचण नव्हती ती तयार होते.

तीन वर्षांनंतर नावांच्या जोडीला नियम यावेत. इथे 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' या प्रचलित मांडणीबद्दल आमचा आक्षेप नोंदवतो. लस टोचली की दुखते, म्हणून तो स्पर्श वाईट ठरत नाही. ओळखीच्या माणसाने खाऊ देत, गुदगुल्या करत केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असेही नाही, आणि पुढे तेच मूल स्वतःला दोषी समजते. भावनेवर सोपवलेला निवाडा चार वर्षांच्या मुलाला पेलत नाही. नियम पेलतो: चड्डीच्या आतल्या अवयवांना मोठी माणसे फक्त धुवायला किंवा दुखले-खुपले तर हात लावतात, डॉक्टर तपासतील तेव्हा घरचे माणूस शेजारी असते, आणि यातले काहीही गुपित नसते. कोणी आपला अवयव दाखवला, हात लावायला सांगितला, तोंडाशी आणला किंवा फोटो काढला तरी हाच नियम. सांगायचे कोणाला, ती निदान तीन माणसे नावानिशी ठरवावीत, आणि त्यांतले एक घराबाहेरचे असावे. त्याच घरात "काकांना पापी दे, नाहीतर त्यांना वाईट वाटेल" असा आग्रह चालू असेल, तर या नियमाचा उपयोग होणार नाही.

चुका ठरावीक असतात. आई 'योनी' शिकवते, आजी "शी, काय बोलतेस" म्हणून गप्प करते, आणि मूल आजीचे ऐकते, कारण तिचा आवाज चढलेला असतो. म्हणून आजी-आजोबा आणि मूल सांभाळणारी बाई यांना आधी सांगून ठेवणे हे पहिले काम आहे, शेवटचे नव्हे. दुसरी चूक एसटीत होते. मूल सगळ्यांसमोर नवा शब्द मोठ्याने उच्चारते आणि पालक त्याचे तोंड दाबतात. तिथे "हो, बरोबर आहे, घरी गेल्यावर बोलू" एवढे शांतपणे म्हणणे पुरते. शब्द घाण नाहीत, खाजगी आहेत, हा फरक मुलाला अशाच वेळी कळतो.

मुलाने काही सांगितलेच, तर शब्द सुधारायचे नाहीत. "चिमणी नाही, शिश्न म्हण" असे त्या क्षणी म्हणू नये. त्याच्याच तोंडचे वाक्य, तारीख आणि वेळ घालून लगेच लिहावे. अर्थ लागला नाही तर "तू चिमणी कशाला म्हणतोस?", "त्याने आपण काय करतो?" असे विचारावे. "शू करतो" हे उत्तर पुरेसे आहे. "अमक्याने तिथे हात लावला का?" असा हो-नाहीचा प्रश्न कधीही विचारू नये. बाहुली दाखवून कुठे हात लावला ते विचारणेही प्रशिक्षण नसलेल्याने करू नये. पुढची चौकशी आपण करायची नसते. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती यांचे आदेश दिले. हे सगळे हवेच. पण चार वर्षांचे मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकू शकत नाही. त्याच्याकडे फक्त बोलणे असते, तेही आपण शिकवले तेवढेच.

आपल्याला कशाची भीती वाटते, हेही आम्हाला माहीत आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून विरोध झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. आम्ही मागतो आहोत ते लैंगिक शिक्षण नव्हे. कोपराला कोपर म्हणतात हे ज्या वयात शिकवतो, त्याच वयात उरलेली चार-पाच नावे शिकवण्याची ही गोष्ट आहे. आणि मराठीत हे धाडस नवेही नाही: र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये लैंगिक आरोग्याविषयी उघडपणे लिहिणारे 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, खटले अंगावर घेतले आणि १९५३ पर्यंत ते चालवले.

विभागाने करायचे ते असे. गरोदर मातेला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात एक पान वाढवावे. त्यावर मुलगा आणि मुलगी यांच्या पुढून-मागून अशा चार साध्या रेखाकृती, प्रत्येक अवयवाला सारख्याच जाडीचा बाण, प्रमाण शब्द, आणि शेजारी 'आमच्या घरी म्हणतात' अशी रिकामी ओळ. अंगणवाडीच्या भिंतीवर हा तक्ता लावण्याला गावात विरोध होत असेल तर माता बैठकीत पाने उलटून दाखवतात त्या उलटपट्टीत तो घालावा, पण वगळू नये. पर्यवेक्षिकेने आपल्या बीटच्या (तिच्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक बैठकीत घरगुती शब्द गोळा करावेत, प्रकल्प स्तरावर त्यांची यादी व्हावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राला व पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्याला मिळावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. तपासणीआधी डॉक्टरांनी मुलाला "आता मी तुझं पोट आणि शूची जागा बघणार, ताई इथेच आहे" असे सांगावे, म्हणजे नियम कानावर पडतो आणि डोळ्यांनीही दिसतो. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी जे चित्रफलक वापरतात, त्यांत या अवयवांची चित्रे घालावीत. ज्या मुलाला इशाऱ्यानेच बोलायचे आहे, त्याच्या फलकावर ती नसतील तर त्याच्यापाशी सांगायचे साधनच उरत नाही.

सेविकांचे प्रशिक्षण दोन तासांत होते. त्यातला पहिला अर्धा तास फक्त हे शब्द मोठ्याने, एकेकीने, सगळ्यांसमोर उच्चारण्यासाठी ठेवावा. सुरुवातीला हसू येते, काही जणी पदर तोंडाला लावतात, आणि आठ-दहा वेळा म्हणून झाले की शब्द 'कोपर'सारखा होतो. हा अर्धा तास वाचवला, तर कितीही सुंदर पुस्तिका छापली तरी ती कपाटातच राहते.

शब्दांची यादी, चार रेखाकृतींचा कच्चा आराखडा आणि दोन तासांच्या प्रशिक्षणाचे टिपण आमच्याकडे तयार आहे. आपण बोलवाल त्या दिवशी ते घेऊन येतो. नवी मुले जूनमध्ये अंगणवाडीत येतील, त्याआधी ते पान छापून झालेले असावे.

कळावे,

लहान मुलांचे आरोग्य, भाषा व सुरक्षितता यांसाठी काम करणारे आम्ही